आधी प्रश्न, मग ग्रंथालय: पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माहिती साक्षरतेचा ऑनलाइन कोर्स कसा आखावा

माहिती साक्षरतेचा, म्हणजे हवी ती माहिती शोधायला, पारखायला आणि वापरायला शिकवणारा हा कोर्स पहिल्यांदा केला तेव्हा मी तो ग्रंथालयापासून सुरू केला होता. ग्रंथालयाची ओळख, वर्गीकरण, ओपॅक (ग्रंथालयाची ऑनलाइन सूची), ई-जर्नल्स, संदर्भ देण्याच्या पद्धती अशी आठ व्हिडिओंची माळ आणि प्रत्येकाखाली दहा बहुपर्यायी प्रश्न. जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले. पंधरा दिवसांनी त्याच वर्गातली एक मुलगी काउंटरवर आली. म्हणाली, "मॅडम, रोजगार हमीवर प्रोजेक्ट आहे, काहीतरी द्या ना." ओपॅकची व्याख्या तिला येत होती, पण काय टाकून शोधायचे हे सुचत नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघी शेजारी बसून दीड तास शोधत होतो. पुढे मी जो कोर्स नव्याने बांधला तो त्या दीड तासातून निघाला.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे. विद्यार्थ्याकडे स्वतःचा एक प्रश्न असावा, तो पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहावा आणि बाकी सगळे त्या प्रश्नाला गरज पडेल तेव्हा शिकवावे. खाली जे लिहिते आहे ते महाविद्यालयातल्या ग्रंथपालांना आणि विषयशिक्षकांना लगेच हाती घेता यावे, म्हणून माझ्या क्रमानेच सांगते.

१. आधी जुने प्रोजेक्ट काढून बसा

अभ्यासक्रम लिहायला बसण्यापूर्वी गेल्या वर्षीचे वीसेक प्रोजेक्ट मागवून घ्या आणि फक्त शेवटची संदर्भसूची वाचा. कोणत्या प्रकारचे स्रोत किती वेळा आले, ते एका कागदावर रेघा मारून मोजा. संदर्भ म्हणून नुसते 'गुगल' किंवा 'इंटरनेट' लिहिलेले किती, लेखकाचे नाव नसलेले किती, आणि सूचीत आहे पण मजकुरात कुठेच वापरलेले नाही असे किती, हेही पाहा. दोन तासांचे काम आहे, पण तुमच्या कॉलेजची गरज त्यातून जितकी नेमकी कळते तितकी कोणत्याही परदेशी आराखड्यातून कळत नाही.

त्यानंतर पाच-सहा विद्यार्थ्यांना एकेकटे बोलवा, एक प्रश्न द्या आणि त्यांच्याच फोनवर शोधायला सांगा. तुम्ही फक्त पाहत राहा, मध्ये बोलू नका. कुठे थांबतात, कोणत्या दुव्यावर बोट ठेवतात, पहिला शब्द चालला नाही तर दुसरा टाकतात की तोच पुन्हा टाकतात, याची नोंद करा.

आराखडा तरीही हाताशी असावा. 'माहिती साक्षरता' ही संकल्पना १९७४ साली पॉल झुर्कोव्स्की यांनी अमेरिकेत मांडली. तिथल्या महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेचा, एसीआरएलचा, २०१६ साली स्वीकारलेला आराखडा आज सगळीकडे वापरला जातो. त्यात सहा सूत्रे आहेत. पदवीच्या पहिल्या कोर्समध्ये सहाही कोंबू नयेत, असे माझे मत आहे. शोध ही सरळ रेघ नसून पुन्हा पुन्हा केलेली चाचपणी असते, आणि स्रोताचा अधिकार संदर्भानुसार ठरतो, ही दोन नीट पोचली तरी वर्ष सार्थकी लागते.

२. शेवट आधी ठरवा

कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याच्या हातात काय असेल, ते पहिल्या बैठकीतच लिहून काढा. माझ्या कोर्समध्ये तीन गोष्टी असतात: शोधनोंद (कुठे, काय टाकून शोधले आणि काय मिळाले याची नोंद), सहा स्रोतांची टिप्पणीसह यादी आणि मूळ प्रश्नाचे दोन पानांचे उत्तर. उद्दिष्टे लिहिताना 'समजेल', 'जाणीव होईल' असली क्रियापदे टाळा, कारण ती तपासता येत नाहीत. 'एकाच विषयासाठी मराठी व इंग्रजी मिळून किमान आठ शोधशब्द काढेल', 'दोन स्रोतांत आकडा किंवा साल वेगळे आले तर फरकाचे कारण शोधेल' असे लिहिले की चाचणी काय घ्यायची, ते आपोआप ठरते.

३. विषयशिक्षक आणि क्रेडिट

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण कोर्स जगतो की मरतो ते इथे ठरते. ग्रंथालयाचा म्हणून वेगळा, ऐच्छिक, बिनगुणांचा कोर्स पहिल्या दोन आठवड्यांत ओस पडतो. म्हणून एखाद्या विषयशिक्षकाला सोबत घ्या आणि त्यांनी दिलेला प्रोजेक्ट हाच कोर्सचा विषय ठेवा. शिक्षकांनाही ते हवे असते, कारण उचललेले प्रोजेक्ट वाचून तेही थकलेले असतात.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, रचनेत एका क्रेडिटला १५ तासांचे अध्यापन धरतात. सहा आठवडे, आठवड्याला अडीच तास, असा हिशेब बरोबर बसतो. नव्या शैक्षणिक धोरणातल्या कौशल्यवृद्धी अभ्यासक्रमात त्याला जागा मिळू शकते. त्यासाठी अभ्यास मंडळाची मान्यता लागते, तेव्हा एक सत्र क्रेडिटशिवाय, प्रोजेक्टच्या अंतर्गत गुणांतच तो चालवून दाखवा आणि मग प्रस्ताव ठेवा. चाललेल्या कोर्सवर चर्चा सोपी जाते.

४. फोन समोर ठेवून व्यासपीठ निवडा

मूडल असेल तर उत्तम, ते मोफत आहे आणि चर्चामंच, चाचणी, गृहपाठ सगळे एका जागी राहते. सर्व्हर सांभाळणारे कोणी नसेल तर गुगल क्लासरूम पुरते. कोणतेही निवडा, पण प्रत्येक पान आधी स्वतःच्या फोनवर उघडून पाहा. आपल्याकडची बहुतेक मुले कोर्स फोनवरच करतात आणि डेटा जपून वापरतात. म्हणून प्रत्येक व्हिडिओखाली त्याची पूर्ण संहिता मजकूर म्हणून द्या. ज्याला ऐकू येत नाही, ज्याचे नेटवर्क तुटते आणि ज्याला वाचूनच समजते, अशा तिघांचीही सोय होते.

व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा २०१४ साली अभ्यास झाला, त्यातही लांबी वाढली की पाहणारे गळतात, हेच दिसले होते. महागडा कॅमेरा लागत नाही. स्क्रीन रेकॉर्ड करा आणि शोधताना मोठ्याने विचार करा: "हे नको, कारण ही जाहिरात आहे… इथे साल नाही, थांबू या…" चुकलेला शोधही काढून टाकू नका. मॅडमलासुद्धा तिसऱ्या खेपेला सापडते, हे मुलांनी पाहिले की त्यांची भीती मोडते.

५. सहा आठवडे

पहिला आठवडा: विषयाचा प्रश्न करणे. 'रोजगार हमी योजना' हा विषय झाला. त्याला कोण, कुठे, कधी, कशासाठी, कुणाच्या पैशाने असे विचारत गेले की प्रश्न तयार होतो. त्या मुलीचा प्रश्न शेवटी असा ठरला: रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने पैसा कुठून उभा केला? तो विचारल्यावर ती १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यापर्यंत पोचली, आणि शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापली जाणारी रक्कम गावातल्या मजुरीशी कशी जोडली गेली, हे तिला दिसले. चर्चामंचावर प्रत्येकाने आपला प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्या दोघांच्या प्रश्नाला 'हा अजून कसा अरुंद करता येईल' एवढेच सुचवायचे. या आठवड्यात शोधायला बंदी ठेवा.

दुसरा आठवडा: शब्द. इथे मी सर्वात जास्त वेळ देते आणि तुम्हीही द्यावा, कारण मराठीत शोधणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे आणि तयार परदेशी कोर्समध्ये तिच्याबद्दल एक ओळही नसते.

सुरुवात समानार्थी शब्दांपासून करा. बोलताना आपण 'दुष्काळ' म्हणतो, सरकारी कागदात मात्र 'टंचाई' हा शब्द भेटतो. त्यामागे इतिहास आहे. १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढला आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी' आणला. म्हणजे १९७२ च्या दुष्काळावरचे सरकारी कागद 'फॅमिन' टाकून शोधणारा रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता मोठी. हे सांगितले की वर्गात शांतता पसरते. कागद लिहिणाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल, असा विचार करून शोधायचे असते, हे एका उदाहरणात कळते.

मग लेखनभेद. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या मजकुरात 'नाहीं', 'कांहीं', 'केलें' असे अनुस्वार असतात, म्हणून जुन्या अंकांत शोधताना ती रूपेही टाकून पाहावी लागतात. फुले यांचे नाव रोमन लिपीत 'पी-एच' आणि 'एफ' अशा दोन्ही अक्षरांनी सुरू होते. जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा ही सगळी रूपे चालू आहेत. 'रोजगार हमी'ला 'रोहयो' आणि 'ईजीएस' (एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम) ही लघुरूपेही जोडा. विद्यार्थ्याने आपल्या प्रश्नासाठी तीन रकान्यांचा तक्ता भरायचा: बोलीतला शब्द, कागदोपत्री शब्द, इंग्रजी शब्द.

याच आठवड्यात एक छोटा प्रयोग करून घ्या. जुन्या मराठी अहवालाची एखादी पीडीएफ द्या, त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायला सांगा. अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, युनिकोड ही आजची सामायिक अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाँटात टंकलेला असेल तर मराठी ओळीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. डोळ्याला मराठी दिसणारा हा मजकूर यंत्राच्या दृष्टीने मराठी नसतोच, म्हणून तो शोधात वर येत नाही, आणि अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडरही तो वाचू शकत नाही. नुसते स्कॅन असेल तर कॉपी करायलाही काही मिळत नाही. 'नेटवर मराठीत काही नाहीच' असे म्हणणाऱ्या मुलाला ते का सापडत नाही याचे कारण इथे समजते. मग असे कागद त्या खात्याच्या संकेतस्थळाच्या यादीतून, वर्षानुसार, हाताने कसे काढायचे ते दाखवा.

शोधचिन्हे शेवटी शिकवा. शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालणे, नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह आणि शोध एकाच संकेतस्थळापुरता बांधण्याची साइटची (site:) आज्ञा, एवढ्या तीन पुष्कळ झाल्या.

तिसरा आठवडा: जागा. कोणत्या प्रकारची माहिती कुठे असते, ते सांगायचे. पहिली ओळख करून घ्यायला मराठी विश्वकोश, प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राचे शोधगंगा. २००९ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, त्यामुळे तिथे मोठा साठा आहे. मराठी प्रबंध देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांतून शोधून पाहायला सांगा. पुस्तकांसाठी आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी, जुन्या मुंबईच्या ग्रंथ-वृत्तपत्रांसाठी एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचे ग्रंथसंजीवनी, कायद्याच्या मूळ मजकुरासाठी इंडिया कोड. रोजगार हमीवर मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत अनेक वर्षे लेख येत राहिले आहेत.

ई-जर्नल्सच्या बाबतीत आपल्या कॉलेजला नक्की काय मिळते, ते आधी पक्के करा. महाविद्यालयांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तके देणारे इन्फ्लिबनेटचे एन-लिस्ट आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स असा तिचा आवाका आहे, पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. आपले कॉलेज त्यात बसत नसेल तर मुलांना उगाच आशा लावू नका. जे लॉगिन आहे ते पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हातात पडेल, एवढे पाहा. सशुल्क लेखाची पीडीएफ कोर्सच्या पानावर चढवू नका, दुवा द्या.

या आठवड्यात सगळ्या जागांची यादी एकदम फेकू नये. प्रत्येकाने आपल्या प्रश्नाला लागतील अशा दोनच निवडायच्या आणि त्या का निवडल्या, ते लिहायचे.

चौथा आठवडा: पारख. पूर्वी मी स्रोत तपासायला मोठी प्रश्नयादी देत असे: लेखक कोण, तारीख कोणती, भाषा कशी, उद्देश काय. मुले ती यादी त्याच पानावर बसून भरायची आणि चकचकीत संकेतस्थळ पास व्हायचे. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना वेब वाचताना पाहिले: १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी. तथ्यतपासनीस अनोळखी पानावर रेंगाळत नसत. ते लगेच दुसरा टॅब उघडत आणि त्या पानाविषयी बाकीचे काय म्हणतात, ते पाहत. त्यामुळे ते कमी वेळात अचूक निष्कर्षावर येत, आणि विद्यार्थीच काय, इतिहासकारही त्यात मागे पडले. म्हणून यादी सोडा आणि ही सवय लावा. फोनवर दुवा दाबून धरला की तो नव्या टॅबमध्ये उघडण्याचा पर्याय येतो, हे दाखवायला विसरू नका. अनेकांना ते माहीत नसते.

सरावासाठी मी सालांचे कोडे देते. 'रोजगार हमी योजना कधी सुरू झाली?' असे शोधले की कुठे १९६५, कुठे १९७२, कुठे १९७७, कुठे १९७९ अशी उत्तरे मिळतात. बहुतेक जण पहिले उचलतात किंवा जे जास्त वेळा दिसते ते घेतात. मग त्यांना मागे मागे जायला लावायचे. या योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांच्या कल्पनेचा प्रयोग सांगली जिल्ह्यात तासगाव भागात झाला, तो १९६५ चा. योजना राज्यभर आली ती दुष्काळात, १९७२ साली. कायदा १९७७ चा आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. चारही साले खरी आहेत, प्रत्येक साल वेगळ्या घटनेचे आहे. हा फरक स्वतः शोधून काढलेला विद्यार्थी पुढे एका वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी 'नेमके कशाचे साल?' असे विचारतो.

एआयचे काम याच आठवड्यात घ्या. बंदी घालून उपयोग नाही, मुले वापरतातच. चॅटजीपीटीसारख्या साधनाला आपल्या प्रश्नावरचे पाच मराठी संदर्भ मागायला सांगा आणि पाचही तपासायला लावा. पुस्तक एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत आहे का? लेख त्या अंकात, त्या पानावर आहे का? डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, उघडतो का, आणि उघडला तर तोच लेख निघतो का? खऱ्या लेखकाच्या नावावर कधीच न लिहिलेले पुस्तक समोर आले की मुले ते विसरत नाहीत. शोधशब्द सुचवायला किंवा कठीण इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला ही साधने चांगली आहेत, ते त्यांना करू द्या. अट एकच, काय विचारले ते शोधनोंदीत यावे.

पाचवा आठवडा: टिपणे, संदर्भ आणि उचलेगिरी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्याचे टप्पे आहेत, १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षा वाढत जाते. मुलांना आकडा सांगितला की सगळे लक्ष तो आकडा खाली आणण्याकडे जाते, म्हणून मी तो एका वाक्यात आटोपते. त्याऐवजी टिपण कसे घ्यायचे ते दाखवते: परिच्छेद वाचा, पान बंद करा, आपल्या शब्दांत लिहा, मग उघडून ताडा. इंग्रजी लेख भाषांतराच्या यंत्रातून काढून मराठीत स्वतःचा म्हणून लावणे, हीही उचलच आहे. सॉफ्टवेअरला ती सापडो न सापडो, स्पष्ट सांगा. संदर्भपद्धती एकच निवडा, विषयशिक्षक सांगतील ती. संदर्भ जपून ठेवणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण संगणक हाताशी नसेल तर वहीतले संदर्भकार्डही चालते.

सहावा आठवडा: उत्तर लिहिणे आणि एकमेकांच्या कामावर अभिप्राय देणे. इथे नवीन काही शिकवू नका.

६. गुण कशाला द्यायचे

१०० पैकी ४० गुण मी शोधनोंदीला देते, ३० टिप्पणीसह यादीला, २० उत्तराला आणि १० इतरांना दिलेल्या अभिप्रायाला. शोधनोंदीला सर्वाधिक, कारण ती नक्कल करणे कठीण आणि वाचणे सोपे. एका चांगल्या नोंदीचा नमुना मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा:

"मंगळवार, गुगल. 'रोजगार हमी निधी' टाकले. पहिल्या पानावर सगळे आजच्या केंद्राच्या योजनेचेच. १९७५ जोडले, फार फरक नाही. मग 'व्यवसाय कर कायदा महाराष्ट्र' टाकले, कायद्याचे इंग्रजी नाव मिळाले. ते घेऊन इंडिया कोडवर गेले. मूळ कायदा सापडला. उद्या उद्देशाचा भाग वाचणे."

फसलेल्या शोधालाही गुण आहेत, हे लेखी सांगा. नाहीतर नोंद शेवटच्या रात्री एका बैठकीत गोड करून लिहिली जाते. रोजच्या तारखांच्या नोंदी मूडलवरच भरून घेतल्या तर तेही टळते.

बहुपर्यायी चाचण्या पूर्ण काढू नका. लॉगिन जमले का, व्हिडिओ पाहिला का, एवढ्यापुरत्या त्या ठीक आहेत. गुण मात्र ठेवू नका.

७. गळती थांबवणे

ऑनलाइन कोर्समध्ये मूल गप्प होते आणि आपल्याला कळत नाही. दर आठवड्याला एक ठरलेला तास लाइव्ह बसा, व्याख्यान न देता. ज्याचा शोध अडला आहे त्याची स्क्रीन सगळ्यांसमोर घ्या आणि मिळून सोडवा. माझ्या अनुभवात दुसऱ्या आठवड्याची नोंद न भरणारा विद्यार्थी हळूहळू कोर्सच सोडतो, म्हणून त्या शनिवारी यादी काढून प्रत्येकाला फोन करते. बहुतेक वेळा अडचण लॉगिनची किंवा सामायिक फोनची निघते. अशांसाठी ग्रंथालयातला एक संगणक राखून ठेवला आहे.

८. चालू करण्याआधी आणि नंतर

पाच विद्यार्थ्यांना पहिले दोन आठवडे आधी करायला द्या, त्यांतला एक तरी मराठी माध्यमातून आलेला असावा. जिथे ते थांबून 'म्हणजे काय?' विचारतील ती वाक्ये तिथल्या तिथे बदला. कोर्स संपल्यावर सुरुवातीसारखेच पुन्हा करा: त्या वर्गाचे नवे प्रोजेक्ट घ्या, संदर्भसूच्यांवर रेघा मारा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवा. प्राचार्यांना किंवा अभ्यास मंडळाला दाखवायला अभिप्रायाच्या फॉर्मपेक्षा हे दोन कागद जास्त बोलतात. चांगल्या शोधनोंदी, मुलांची परवानगी घेऊन आणि नावे काढून, पुढच्या तुकडीसाठी नमुने म्हणून जपा.

दरवर्षी जूनमध्ये एक दिवस फक्त दुव्यांसाठी राखा. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, व्हिडिओतली बटणे जागा सोडतात. म्हणून व्हिडिओ जागांनुसार वेगवेगळे कापलेले असावेत. शोधगंगाचे पान बदलले तर तेवढे चार मिनिटांचे पुन्हा रेकॉर्ड करायचे, बाकीचे तसेच राहतात.